जैसे थे करार आणि परक्यांचा भरवसा

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार आणि हैदराबादचा निजाम मीर उस्मान अली खान यांच्यात एका वर्षासाठी करार झाला. आपल्याकडे तो ‘जैसे थे करार’ म्हणून ओळखला जातो. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण या बाबतींत इंग्रजांच्या काळात जी व्यवस्था होती तीच वर्षभर चालू राहावी, एकमेकांच्या राजधानीत एकेक प्रतिनिधी असावा आणि वाद झाला तर तो लवादाकडे जावा, एवढाच त्याचा गाभा. संस्थानातली शांतता राखायला फौज पाठवण्याचे बंधन भारतावर नव्हते आणि तसा हक्कही त्याला नव्हता. त्या वेळचा नांदेड जिल्हा, आणि उस्मानाबाद जिल्ह्यातले तालुक्याचे गाव असलेले लातूर, यांच्या दृष्टीने हे शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे होते. इत्तेहादुल मुसलमीन या निजामाच्या सत्तेची बाजू घेणाऱ्या संघटनेच्या स्वयंसेवक दलाच्या, म्हणजे रझाकारांच्या, टोळ्या गावावर चालून आल्या तर कोणाकडे धाव घ्यायची, याचे उत्तर करारात नव्हते. पुढल्या साडेनऊ महिन्यांत या मुलखाने जे सोसले त्याचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. त्यामागचे कारण मात्र बहुतेक वेळा रझाकारांचे धर्मवेड आणि निजामाचा हट्ट या दोन शब्दांत आटोपले जाते. मला ते अपुरे वाटते. बाहेरून कोणीतरी मदतीला येईल या भरवशावर हा हट्ट उभा होता. तो भरवसा एका झटक्यात तुटला असता तर बोलणी लवकर मिटली असती. तो हळूहळू, अर्धवट आणि परस्परविरोधी खुणा देत विरत गेला, आणि त्यामुळेच तह लांबला.

तहाची बोलणी कशी चालतात हे समजायला मोंढ्यातला व्यवहार पुरतो. ज्वारीची पोती घेऊन आलेल्या शेतकऱ्याला आज मिळणारा भाव कमी वाटला, तर तो माल विकतो की परत नेतो हे आजच्या भावावर ठरत नाही. उद्या भाव चढेल असे त्याला किती खात्रीने वाटते, यावर ते ठरते. लढणाऱ्या पक्षाचेही तसेच असते. समोर आलेल्या अटी वाईट असल्या तरी पुढे आणखी वाईट येणार हे उमगले, तर तो सही करतो. परदेशातून शस्त्रे येतील, कोणी मोठी सत्ता मध्यस्थी करील, संयुक्त राष्ट्रे हस्तक्षेप करतील असे वाटत असेल, तर तो चांगल्या अटीही परत पाठवतो. तेव्हा प्रत्यक्ष मदत किती मिळाली यापेक्षा किती मिळेल असे वाटले, हा आकडा बोलण्यांच्या दृष्टीने अधिक मोठा असतो. शेतकऱ्याच्या उदाहरणात एक गोष्ट मात्र वेगळी आहे. भाव पडला तर नुकसान त्याचेच होते. हैदराबादेत माल धरून ठेवणारे एक होते आणि नुकसान भरणारे दुसरेच होते.

या भरवशाचे मूळ दीडशे वर्षे मागे जाते, आणि ते आपल्याच परिसरात सापडते. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याला मराठ्यांनी निजाम अली खानाचा पराभव केला. त्याआधी पाच वर्षे टिपूविरुद्ध इंग्रज, मराठे आणि निजाम यांनी एकत्र तह केला होता, त्यामुळे इंग्रज आपल्या बाजूने उभे राहतील अशी निजामाची अपेक्षा होती. गव्हर्नर जनरल सर जॉन शोर यांनी मराठ्यांशी लढायला साफ नकार दिला. हैदराबादेतल्या इंग्रजी पलटणी या लढाईपासून दूर राहिल्या. निजामाला दौलताबादच्या किल्ल्यासह मुलूख आणि मोठी खंडणी कबूल करावी लागली. या अनुभवावरून निजामाच्या दरबाराने जो धडा घेतला तो पुढच्या सगळ्या इतिहासाला वळण देणारा ठरला. मित्र फसवा निघाला, म्हणून पहिल्यांदा रेमंड या फ्रेंच सेनानीची फौज वाढवण्यात आली. मग १७९८ मध्ये वेलस्लीने तैनाती फौजेचा तह पुढे केला तेव्हा तीच फ्रेंच फौज मोडून निजामाने आपले संरक्षण कायमचे इंग्रजांच्या हाती दिले. शेजाऱ्यांशी समझोता करण्याची कला ज्या राज्याने टिकवायला हवी होती त्याने ती सोडून दिली, कारण आता शेजाऱ्याची भीती उरली नव्हती. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला, १९०२ साली तो कायमच्या भाडेपट्ट्याने गेला, आणि १९२६ साली वऱ्हाडाचा प्रश्न पुन्हा काढणाऱ्या निजामाला लॉर्ड रीडिंगने ‘तुम्ही आमच्या बरोबरीचे नाही’ अशा अर्थाचे पत्र धाडले. तरीही पहिल्या महायुद्धात दिलेला पैसा, त्या पैशातून उभी राहिलेली आणि हैदराबादचे नाव लावणारी विमानांची तुकडी, आणि ‘ब्रिटिश सरकारचा विश्वासू मित्र’ हा किताब यांचे ओझे एवढे होते की इंग्रज आपल्याला वाऱ्यावर सोडतील हे निजामाला शेवटपर्यंत पटले नाही.

इंग्रजांनी सोडले, पण एका आवाजात सोडले नाही. जून १९४७ मध्ये निजामाने फर्मान काढून आपण भारत किंवा पाकिस्तान कोणातही सामील होणार नाही असे जाहीर केले. जुलैमध्ये ब्रिटिश सरकारच्या वतीने लॉर्ड लिस्टोवेल यांनी संसदेत सांगितले की कुठल्याही संस्थानाला स्वतंत्र राष्ट्र म्हणून मान्यता देण्याचा आमचा विचार नाही. गोष्ट इथे संपायला हवी होती. पण त्याच वेळी निजामाचे घटनात्मक सल्लागार सर वॉल्टर मंक्टन हे लंडनच्या राजकीय वर्तुळातले वजनदार गृहस्थ होते, विरोधी पक्षाचे नेते चर्चिल हैदराबादविषयी उघड सहानुभूती दाखवत होते आणि दिल्लीत गव्हर्नर जनरल म्हणून लॉर्ड माउंटबॅटन बसले होते. चर्चिल यांनी ३० जुलै १९४८ रोजी, म्हणजे बोलणी मोडल्यानंतरही, हैदराबादचा प्रश्न संसदेत लावून धरला. सत्तेवर ॲटली होते आणि त्यांच्या सरकारला भारत राष्ट्रकुलात राहायला हवा होता. एका संस्थानासाठी ते भारताशी वाकडे घेणार नाहीत हे दिल्लीतल्या कोणालाही दिसत होते. हैदराबादेत मात्र सत्ताधाऱ्यांच्या मौनापेक्षा विरोधकांचे भाषण मोठ्याने ऐकू आले. ज्याला आधार हवा असतो तो समोरच्या दहा खुणांतली आपल्या सोयीची एक उचलतो, हे अशा बोलण्यांत सगळीकडे दिसते.

आता पाकिस्तानकडे पाहू. तिथे मदतीचा ओघ उलट्या दिशेने वाहत होता, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. जैसे थे करारावरची शाई वाळते न वाळते तोच हैदराबादने भारत सरकारचे वीस कोटी रुपयांचे रोखे पाकिस्तानला कर्ज म्हणून देऊ केल्याचे उघड झाले. ज्याच्याकडून आधार हवा त्यालाच पैसा पुरवण्याची ही वेळ होती. नवे पाकिस्तान पैशांच्या ओढाताणीत होते आणि काश्मीरच्या लढाईत गुंतलेले होते. त्याच्या सीमेपासून हैदराबाद शेकडो मैल दूर, चहूबाजूंनी भारतीय मुलखाने वेढलेले. समुद्र नाही, म्हणून पोर्तुगिजांकडून गोव्यात मुरगावचे बंदर मिळवण्याचा खटाटोप निजामाच्या सल्लागारांनी करून पाहिला, तोही फळला नाही. लष्करप्रमुख एल एद्रूस शस्त्रांच्या शोधात युरोपला जाऊन आले, हाती फारसे लागले नाही. शेवटी सिडनी कॉटन नावाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने १९४८ च्या उन्हाळ्यापासून कराचीहून रात्रीच्या अंधारात विमाने आणून बिदर आणि वरंगळच्या धावपट्ट्यांवर शस्त्रे उतरवायला सुरुवात केली. बिदर उदगीरपासून फार लांब नाही. काही विमानभर रायफली आणि दारूगोळ्याने भारतीय चिलखती दलासमोर काय टिकाव लागणार होता? लष्करी हिशेबाने त्यांची किंमत जवळजवळ शून्य होती. हैदराबादेतल्या सत्ताधाऱ्यांच्या मनावर मात्र त्यांचा परिणाम मोठा झाला, कारण विमान आले म्हणजे वाट उघडी आहे असे वाटते. आलेल्या बंदुका भारतीय सैन्याला थोपवू शकल्या नाहीत, पण शस्त्रांविषयीच्या या आत्मविश्वासाचा ताप खेड्यापाड्यांतल्या निःशस्त्र माणसांना झाला.

या सगळ्याचा तहाच्या बोलण्यांवर कसा परिणाम झाला हे दोन तारखांवरून स्पष्ट होते. पहिली २७ ऑक्टोबर १९४७. निजामाच्या कार्यकारी मंडळाने जैसे थे कराराचा मसुदा मान्य केला होता. हैदराबादचे पंतप्रधान छतारीचे नवाब, मंक्टन आणि सर सुलतान अहमद हे शिष्टमंडळ दिल्लीला निघण्याच्या तयारीत होते. त्या दिवशी पहाटे इत्तेहादुल मुसलमीनच्या जमावाने त्यांच्या घरांना वेढा घातला आणि त्यांना जाऊ दिले नाही. इत्तेहादचे अध्यक्ष कासिम रझवी, जे लातूरला वकिली करत होते, त्यांचे निजामापुढचे म्हणणे असे की भारत काश्मीरमध्ये अडकला आहे, त्याला आता हैदराबादवर जोर करता येणार नाही, तेव्हा याहून चांगल्या अटी मिळतील. नेमक्या त्याच दिवशी भारतीय सैन्याची पहिली विमाने श्रीनगरला उतरली. छतारींनी राजीनामा दिला. नवे शिष्टमंडळ गेले आणि महिनाभराने जवळजवळ त्याच मसुद्यावर सही करून परत आले. रझवींचा अंदाज पहिल्याच फेरीत खोटा ठरला होता, पण दरबारात त्यांचे वजन वाढले. समझोत्याच्या बाजूचे छतारी गेले आणि पुढे पंतप्रधान म्हणून आलेले मीर लायक अली हे नुकतेच पाकिस्तानच्या वतीने संयुक्त राष्ट्रांत काम करून आलेले उद्योगपती होते. परक्यांच्या आशेने बोलणी नुसती लांबली नाहीत. बोलायला कोण बसणार हेही तिने बदलून टाकले.

दुसरी तारीख जून १९४८ च्या मध्याची. भारतात आपले थोडेच दिवस उरले असताना माउंटबॅटन यांनी शेवटचा प्रयत्न केला. सरदार पटेल आजारी असल्यामुळे डेहराडूनला होते. माउंटबॅटन यांनी तिथे जाऊन त्यांची मसुद्यावर संमती मिळवली. त्या मसुद्यात ताबडतोब विलीनीकरणाची अट नव्हती. सामील व्हायचे की नाही हे लोकमताने ठरवायचे होते. हैदराबादला वीस हजारांपर्यंत स्वतःचे सैन्य ठेवता येणार होते. रझाकार टप्प्याटप्प्याने विसर्जित व्हायचे होते आणि जबाबदार राज्यपद्धती आणायची होती. इतर कुठल्याही संस्थानाला एवढे मिळाले नव्हते, आणि पटेलांनी ते मान्य केले याचे दिल्लीतल्या पुष्कळांना आश्चर्य वाटले. निजामाने नव्या हरकती काढून तो मसुदा नाकारला. २१ जूनला माउंटबॅटन भारत सोडून गेले आणि पटेलांनी जाहीर केले की ते देऊ केलेले सर्व आता संपले. हैदराबादला उपयोगी पडलेला एकमेव परका माणूस दिल्लीतच होता आणि तो जाण्याची तारीख सगळ्यांना ठाऊक होती. असलेला आधार संपण्याआधी वापरून घ्यायचा सोडून हैदराबादने नसलेल्या आधाराची वाट धरली: लंडनमध्ये सरकार बदलेल, अमेरिकेचे अध्यक्ष मध्यस्थी करतील, सुरक्षा परिषद भारताला अडवील.

इथे एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो टाळता येण्यासारखा नाही. परकी मदत फक्त निजामाकडेच होती का? निजामाच्या राजवटीविरुद्ध उभ्या असलेल्या हैदराबाद स्टेट काँग्रेसचे कार्यकर्तेही सरहद्दीपलीकडून लढत होते. उमरखेड, बार्शी, सोलापूर, मनमाड अशा ठिकाणी त्यांचे कॅम्प होते, तिथून शस्त्रे घेऊन ते निजामी हद्दीत शिरत, करोडगिरीचे नाके आणि पोलीस ठाणी उठवत आणि परत जात. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातल्या उमरी येथील बँकेवर घातलेला छापा या लढ्यात सर्वांच्या लक्षात राहिला आहे. हैदराबाद सरकारची तक्रार होती की हे सगळे भारताच्या आशीर्वादाने चालते आणि करारभंग आधी भारतानेच केला आहे. कागदावर पाहिले तर या तक्रारीत तथ्य आहे. दोन्ही बाजूंनी जैसे थे कराराचे वर्ष तयारीसाठी वापरले. कुर्डुवाडीकडून बार्शी लाइट रेल्वेने लातूरला आणि मनमाडकडून नांदेडला येणाऱ्या मालाची जी कोंडी झाली, तीत मीठ, रॉकेल, औषधे यांचा तुटवडा हिंदू-मुसलमान सगळ्यांनीच भोगला. हैदराबादने ‘कलदार’ म्हणजे भारतीय रुपयाचे संस्थानातले चलन बंद करून ‘हाली’ या संस्थानी रुपयावर भर दिला, तर भारताने पुरवठा आवळला. निष्पाप कोणीच नव्हते.

तरी दोन मदतींत एक फरक आहे आणि माझ्या युक्तिवादात त्याला महत्त्व आहे. उमरीचा छापा घालणारी माणसे आसपासच्याच गावांतली होती. त्यांना भाकरी देणारी, लपवणारी, रझाकारांची खबर देणारी घरे तिथलीच होती. सरहद्दीपलीकडच्या कॅम्पने त्यांना बळ दिले, पण त्यांचा लढा त्या कॅम्पमुळे जन्मलेला नव्हता. स्टेट काँग्रेस १९३८ पासून बहुतेक काळ बंदीखाली काम करत होती. तिचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याच्या आणि अंबाजोगाईच्या शाळांतून घडलेल्या माणसांच्या आधारावर उभे होते. याचा पुरावा जैसे थे करारानेच दिला. तो झाला तेव्हा दिल्लीचे राजकारण या कार्यकर्त्यांच्या विरोधात गेले होते. करारात जबाबदार राज्यपद्धतीचा उल्लेखही नव्हता. दुसऱ्या दिवशी स्वामीजी सुटले, आणि दोन महिन्यांच्या आत ते पुन्हा तुरुंगात होते. आपल्याला बाजूला ठेवून तह झाला असे कार्यकर्त्यांना वाटले आणि ते चुकीचे नव्हते. आधार देणाऱ्याने हात आखडता घेतला, पण लढा थांबला नाही, कारण तो मुळात परक्यांच्या हिशेबावर चाललेला नव्हता. बाहेरची मदत ज्याच्या घरात स्वतःचे काही आहे त्याच्या कामी येते. ज्याचे स्वतःचे काही नाही त्याला ती खोटा धीर देते. हैदराबादच्या सुमारे एक कोटी त्रेसष्ट लाख लोकसंख्येतला मोठा भाग राज्यकर्त्यांच्या बाजूने नव्हता, ही उणीव कराचीहून येणारे विमान भरून काढू शकत नव्हते.

दुसरा आक्षेप असा की हे सगळे घरातले राजकारण होते. निजामाला रझवींची भीती होती, रझवींना आपली सत्ता टिकवायची होती, परक्यांच्या मदतीची भाषा हे नुसते निमित्त. यातला पहिला भाग खरा आहे. शेवटच्या वर्षात निजाम आपल्याच महालात अडकल्यासारखा झाला होता. पण रझवींचा जोर कशावर होता, हे विचारले की पुन्हा तिथेच यावे लागते. नुसत्या संख्येवर त्यांना निजामाला धाकात ठेवता आले नसते. ‘थांबा, काळ आपल्या बाजूचा आहे’ हे त्यांचे म्हणणे खोडून काढायला दरबारातल्या मवाळांकडे पक्का पुरावा नव्हता, कारण कुठलीच परकी सत्ता ‘आम्ही येणार नाही’ असे स्पष्ट शब्दांत कळवत नव्हती. बाहेरचे मोघम बोलणे घरातल्या जहालांच्या हातचे हत्यार होते.

अन्यत्रही हेच दिसते, आणि उलट उदाहरणही आहे. मार्च १९७५ मध्ये अल्जीयर्स येथे इराणचा शहा आणि इराक यांच्यात समझोता झाला. शहाने इराकी कुर्दांना दिलेला आधार काढून घेतला, आणि मुस्तफा बर्झानींचे अनेक वर्षांचे बंड काही आठवड्यांत कोसळले. कुर्दांना बोलणी करायला वेळही मिळाला नाही, कारण त्यांचा आधार ज्या टेबलावर विकला गेला त्या टेबलावर ते नव्हते. याउलट फिनलंडचे. ३० नोव्हेंबर १९३९ रोजी सोव्हिएत संघाने हल्ला केल्यावर ब्रिटन आणि फ्रान्स यांनी फौज पाठवण्याची भाषा केली. फिनलंडच्या नेत्यांनी एक साधा प्रश्न विचारला: ही फौज येणार कुठल्या वाटेने? नॉर्वे आणि स्वीडन यांनी वाट द्यायला नकार दिला होता. म्हणून स्वतःचे सैन्य अजून लढत असतानाच, मार्च १९४० मध्ये, त्यांनी कठोर तह केला. सुमारे एक दशांश मुलूख गेला, देश वाचला. वाटेचा हा प्रश्न हैदराबादेत विचारला गेला असता तर उत्तर नकाशावरच होते. अगदी अलीकडे, मार्च २०२५ मध्ये, अमेरिकेने युक्रेनची लष्करी मदत आणि गुप्तवार्ता काही दिवस थांबवली. ११ मार्चला जेद्दा येथे युक्रेनने तीस दिवसांच्या युद्धविरामाला होकार दिला आणि मदत पुन्हा सुरू झाली. रशियाने मात्र तो युद्धविराम तसाच मान्य केला नाही. मदत रोखल्याने तह होतो असे म्हणणाऱ्यांनी हे नीट पाहावे. आधार काढून घेतला की एक बाजू नमते, आणि नेमके तेच पाहून दुसरी बाजू आपला भाव वाढवते. तेव्हा आधार काढल्याने शांतता येते असा माझा दावा नाही. आधार आहे की नाही हे दोन्ही बाजूंना एकाच वेळी, सारख्याच स्पष्टपणे कळणे महत्त्वाचे आहे, आणि नेमके तेच सहसा होत नाही.

१९४८ च्या पावसाळ्यात हैदराबादने शेवटचा डाव टाकला. २१ ऑगस्टला सुरक्षा परिषदेकडे तक्रार गेली. हैदराबादचे मंत्री मोईन नवाझ जंग यांचे शिष्टमंडळ युरोपला रवाना झाले. ११ सप्टेंबरला जिना वारले. १३ तारखेला पहाटे मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय सैन्य सोलापूरकडून आत घुसले. नळदुर्ग पहिल्याच दिवशी पडले. उमरगा आणि हुमनाबाद या वाटेने रणगाडे बिदरकडे सरकले, औरंगाबाद आणि जालना दुसऱ्या बाजूने घेतले गेले. काही ठिकाणी, उदाहरणार्थ मोमिनाबादला म्हणजे आजच्या अंबाजोगाईला, प्रतिकार झाला, पण एकूण लढाई एकतर्फी होती. पॅरिसमध्ये सुरक्षा परिषद बसली ती १६ सप्टेंबरला. विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा असे आठ सदस्यांचे मत पडले, तिघे तटस्थ राहिले, विरोधात कोणीच नव्हते. कागदावर हा हैदराबादचा विजय होता आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हैदराबादने शस्त्रे खाली ठेवली. पाकिस्तानातून एकही सैनिक आला नाही. २० सप्टेंबरला लंडनच्या एका बँकेतून हैदराबादचे सुमारे दहा लाख पौंड पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या नावावर वळवण्यात आले. ही रक्कम कोणाची, यावर ऑक्टोबर २०१९ मध्ये लंडनच्या न्यायालयाने निकाल दिला, तेव्हा ती व्याज साठून सुमारे साडेतीन कोटी पौंडांवर गेली होती. निकाल निजामाचे वारस आणि भारत यांच्या बाजूने लागला. पैसा इतकी वर्षे शाबूत राहिला.

माणसे राहिली नाहीत. आधी रझाकारांनी मारलेली, लुटलेली, गाव सोडून सरहद्दीपलीकडे पळायला लावलेली माणसे, आणि ‘पोलीस ॲक्शन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या लष्करी कारवाईनंतर सूडाच्या लाटेत मारले गेलेले सामान्य मुसलमान. यातले बहुतेक रझाकार नव्हते. या दोन्ही गोष्टी एकाच श्वासात सांगितल्या पाहिजेत असे मला ठामपणे वाटते. आपल्याकडे १७ सप्टेंबरच्या, म्हणजे मुक्तिदिनाच्या, भाषणांत पहिली येते आणि दुसरी गळते. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मेल्याचा अंदाज दिला. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत तिने उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड ही नावे घेतली. तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. ज्या लातूरमधून कासिम रझवी निघाले होते, त्या लातूरच्या पेठेत मोठे कच्छी मुसलमान व्यापारी होते. समितीला तिथे सुमारे दहा हजार मुसलमान वस्तीपैकी जेमतेम तीन हजार माणसे गावात आढळली, आणि हत्याकांड वीस दिवसांहून अधिक चालल्याचे तिने नोंदवले. स्वतः रझवी १९५७ पर्यंत तुरुंगात होते आणि सुटल्यावर पाकिस्तानात गेले. जून १९४८ चा मसुदा स्वीकारला गेला असता तर रझाकार टप्प्याटप्प्याने मोडले गेले असते, फौजा हलल्या नसत्या, आणि सूडाला एवढे मोकळे रान मिळाले नसते. हे खात्रीने सिद्ध करता येणार नाही, पण घटनांचा क्रम तिकडेच बोट दाखवतो.

२२ सप्टेंबरला निजामाने सुरक्षा परिषदेला तार करून आपली तक्रार मागे घेत असल्याचे कळवले. तरीही २८ सप्टेंबरला परिषद पुन्हा बसली. पॅरिसमधले शिष्टमंडळ खरे की हैदराबादहून आलेली तार खरी, हैदराबादच्या वतीने बोलण्याचा अधिकार नक्की कोणाचा, यावर तिथे खल चालला. त्याच दिवसांत लातूरच्या पेठेतली दुकाने फोडली जात होती, आणि तिथली माणसे तोवर कोणाच्याच कार्यक्रमपत्रिकेवर आली नव्हती.